डबलबारीच्या कॅसेटी सीडीवर: ‘म्युझिक’ आणि ‘डेटा’च्या घोळाची नोंदवही

आमच्या लालबागच्या चाळीतल्या भजनी मंडळाच्या ११ कॅसेटी आहेत, १९८६ ते १९९१ या काळातल्या. ८ साठ मिनिटांच्या, ३ नव्वदच्या. चाळीच्या पटांगणात डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनांचा सामना, व्हायची तेव्हा कुणीतरी टू-इन-वन स्टुलावर ठेवून रेकॉर्डचं बटण दाबायचं, त्या ह्या. गणपतीच्या आधी सगळं सीडीवर उतरवून तीन संच करायचे ठरले. सीडीच कशाला, असं मला रोज कुणी ना कुणी विचारतं. मंडळातले जे बुवा आणि टाळकरी अजून आहेत त्यांच्या घरी सीडी प्लेयर आहे आणि त्याचं बटण त्यांच्या हाताला ठाऊक आहे. पेनड्राइव्ह दिला की तो नातवाच्या खिशात जातो आणि परत येत नाही.

हेच काम कुणी करत असेल तर माझे पैसे आणि शनिवार-रविवार कुठे गेले ते कळावं म्हणून लिहितोय.

१३ जुलै २०२४, शनिवार

बाबांचा कॅसेट डेक काढला. पट्टा मऊ होऊन चाकाला चिकटला होता. स्पिरिटने खरवडून काढला, नवा बसवला. पट्ट्याचे २५० रुपये. त्यात अर्धा दिवस गेला, पण डेक चालू झाला.

तात्यांच्या जावयाने पूर्वी दुबईहून आणलेला घरगुती सीडी रेकॉर्डर मिळाला आहे. हाय-फायच्या कपाटात बसणारा, दोन ट्रेचा. कॉम्प्युटर लागत नाही, डेकमधून दोन वायरी मागे लावायच्या आणि रेकॉर्ड दाबायचं. येताना पन्नास कोऱ्या सीडींची दांडी आणली होती, ७५० रुपये.

पहिली सीडी घातली. यंत्र दहा सेकंद गुरगुरलं आणि पडद्यावर मजकूर आला की ही डिस्क चालणार नाही. दुसरी घातली, तेच. दांडीच्या मधली काढून बघितली, तळातली काढून बघितली. मग लेन्स पुसली. मग वरचं झाकण काढून पुन्हा लेन्स पुसली. तीन तास. लेन्स पहिल्यापासून स्वच्छच होती.

१४ जुलै, रविवार

लोअर परळहून गाडी पकडून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. बहुतेक शटर बंद. रविवारी इथे काही मिळत नाही हे मुंबईत जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं. पावसात भिजून परत.

१६ जुलै, मंगळवार

ऑफिस सुटल्यावर पुन्हा लॅमिंग्टन रोड. चार दुकानदारांनी मलाच विचारलं, सीडी अजून कोण वापरतं? पाचवे म्हातारे गृहस्थ होते. रेकॉर्डरचं वर्णन ऐकून लगेच म्हणाले, “वो हाय-फायवाला है ना? उसको म्युझिकवाली डिस्क लगती है. डेटावाली वो पकडेगा ही नहीं.” त्यांच्याकडे एकही नव्हती.

परतताना गाडीत मनाशी अर्थ लावला तो असा: म्युझिकवाली म्हणजे आवाजासाठी खास बनवलेली, उंची प्रतीची. बरं झालं, अभंग चांगल्या डिस्कवर जातील. हा अर्थ साफ चुकीचा होता, आणि त्याच्यापायी पुढे ९०० रुपये गेले.

१७ जुलै, आषाढी

काम बंद. मंडळाचं भजन.

२० जुलै, शनिवार

चोर बाजार. मटन स्ट्रीटवर जुने ॲम्प्लिफायर विकणाऱ्याकडे धुळीच्या खोक्यात मिळाल्या: दहा सीडी, वेगवेगळ्या डबीत, प्रत्येकीवर ‘म्युझिक’ आणि ‘८० मिनिटं’ असं ठळक छापलेलं. एकेक ९० रुपये. घासाघीस केली, तो हलला नाही. त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असणार.

घरी येऊन घातली. रेकॉर्डरने मुकाट्याने स्वीकारली. पहिली कॅसेट लावली, रूपावली सुरू झाली, आणि आई दाराशी येऊन उभी राहिली. “हा बाबांचा पखवाज,” म्हणाली. त्या दिवशी आणखी काही केलं नाही.

२२ जुलै, सोमवार

ऑफिसात एका जुन्या डेस्कटॉपला अजून सीडी रायटर आहे, त्यावर लिनक्स. जेवणाच्या सुट्टीत दोन्ही जातींची एकेक कोरी सीडी नेली आणि वोडिम नावाच्या प्रोग्रॅमला तिची ‘एटिप’ माहिती वाचायला सांगितली. दहा दिवसांचा उलगडा दहा मिनिटांत झाला.

कोरी सीडी खरं तर कोरी नसते. कारखान्यातच तिच्यावर सर्पिल खोबण पाडलेली असते आणि ती खोबण सरळ न जाता किंचित नागमोडी जाते. त्या नागमोडीत वेळेचे आकडे आणि डिस्कची माहिती भरलेली असते, हीच ती ‘एटिप’: किती मिनिटांची, कुणी बनवली, कोणत्या वापरासाठी. लेझर त्यावरूनच वाट काढतो. माझ्या दोन डिस्कच्या माहितीत कामाचा फरक एका ओळीचा निघाला. म्युझिकवाली म्हणते ‘इज अनरिस्ट्रिक्टेड’, डेटावाली म्हणते ‘इज नॉट अनरिस्ट्रिक्टेड’. म्हणजे ज्या डिस्कला जास्त पैसे पडतात ती मोकळी आणि स्वस्त ती बांधलेली. हे नाव देणाऱ्याला माझा नमस्कार.

ती एक खूण बघूनच घरगुती रेकॉर्डर आत घेतो किंवा नाकारतो. ध्वनीशी तिचा काही संबंध नाही. तिचं मूळ वसुलीत आहे. अमेरिकेत १९९२ साली घरगुती ध्वनिमुद्रणाचा कायदा झाला. घरी डिजिटल ध्वनिमुद्रण करायची यंत्रं आणि त्यांचा कोरा माल यांवर संगीतवाल्यांसाठी रक्कम बसवली: यंत्रावर २ टक्के, कोऱ्या मालावर ३ टक्के. ही रक्कम धरून विकलेल्या डिस्कवर ती खूण. बदल्यात घरी स्वतःपुरती प्रत काढणाऱ्याच्या मागे कुणी लागायचं नाही. शिवाय यंत्रात अशी सोय ठेवायची की विकतच्या सीडीची डिजिटल प्रत एकदा निघेल, पण त्या प्रतीची प्रत निघणार नाही. कॉम्प्युटरचे रायटर आणि स्टुडिओतली व्यावसायिक यंत्रं ह्यातून सुटली, म्हणून ती कुठलीही डिस्क घेतात. लालबागला त्या कायद्याचं काही देणंघेणं नाही, पण यंत्र जगभर एकाच बुद्धीचं विकलं गेलं.

बाकी? दोन्ही ८० मिनिटांच्या. एक गंमत मात्र दिसली: डबीवरचं नाव आणि खोबणीतलं कारखानदाराचं नाव वेगळं. हे सर्रास चालतं, ब्रँड एकाचा आणि डिस्क दुसऱ्याची. पूर्वी लोक ह्याच माहितीत ताइयो युदेन या नावाजलेल्या जपानी कंपनीचं नाव शोधायचे. तिने २०१५ मध्ये हा धंदा सोडला. आपल्या नोएडाच्या मोझर बेअरचं दिवाळं २०१८ मध्ये निघालं. त्यामुळे आता हाती येतं त्यातलं बरंच काही गोदामात पडून राहिलेलं.

२७-२८ जुलै, शनिवार-रविवार

रेकॉर्डरवर दोन दिवस. वेग एकपट, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं. मध्ये उठायची सोय नाही.

चूक एक: ट्रॅक आपोआप पाडायची सोय चालू ठेवली. यंत्र शांतता ऐकलं की नवा ट्रॅक पाडतं. विकतच्या गाण्यांना हे ठीक. डबलबारीत बुवा अभंगाच्या मध्येच थांबतात, समोरच्या बुवांना एक टोला हाणतात, लोक हसतात, मग पुन्हा चाल. यंत्राने त्या श्वासावर ट्रॅक तोडला. आणि खरोखर गवळण संपून गजर सुरू होतो तिथे मात्र तोडला नाही, कारण टेपची सरसर आणि पटांगणातला गलका कधी थांबलाच नव्हता. पहिली डिस्क ३१ तुकड्यांची झाली. ही सीडी-आर, म्हणजे एकदाच लिहायची सीडी, पुसता येत नाही, ९० रुपये गेले. दुसऱ्या डिस्कपासून ट्रॅक हाताने पाडले.

चूक दोन: तिसरी डिस्क संपवली आणि कौतुकाने मंडळातल्या अण्णांकडे नेली. त्यांच्या प्लेयरने ओळखच दाखवली नाही. घरी रेकॉर्डरवर मात्र वाजते. कारण ती ‘फायनलाइज’ केली नव्हती. गाण्यांची अनुक्रमणिका डिस्कच्या आतल्या कडेला लिहिली जाते ती अगदी शेवटी, तुम्ही सांगितल्यावर. तोवर साध्या प्लेयरला ती डिस्क म्हणजे पहिलं पान नसलेली पोथी. दोन-तीन मिनिटांचं काम, केलं, वाजली.

दोन दिवसांत हाती दोन चांगल्या सीडी. उरलेल्या नऊ कॅसेटी, त्यांच्या तीन-तीन प्रती, प्रत्येकीला ९० रुपये आणि पूर्ण लांबीचा वेळ. हिशेब मांडला आणि पंखा वाढवला.

३ ऑगस्ट, शनिवार

आज जे केलं ते करू नका.

ह्या यंत्रांना फसवायची जुनी युक्ती आहे. म्युझिक डिस्क घालायची, यंत्राला ती ओळखू द्यायची, मग इजेक्टचं बटण न दाबता हाताने ट्रे ओढून स्वस्त डेटा डिस्क ठेवायची. यंत्र समजतं आत अजून पहिलीच आहे. झाकण काढलं, ट्रेखालचं दातेरी चाक बोटाने फिरवलं, अदलाबदल केली. रेकॉर्डिंग सुरू झालं. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

पहिली पूर्ण झाली, वाजलीही. दुसरी चाळिसाव्या मिनिटानंतर फुटक्या आवाजात खरखरायला लागली. माझा अंदाज असा: लिहिण्याआधी यंत्र डिस्कच्या आतल्या कोपऱ्यात चाचणी घेऊन लेझरची ताकद ठरवतं. ती ठरली म्युझिक डिस्कच्या रंगद्रव्यावर, लिहिलं गेलं वेगळ्याच रंगद्रव्यावर. शिवाय माझी डेटा डिस्क ५२पट वेगाची आणि यंत्राचा वेग एकपट. मुंगीच्या चालीने लिहिलं जावं म्हणून ती बनलेलीच नाही.

त्यात उघड्या यंत्रात २३० व्होल्ट बोटापासून चार इंचावर. आई येऊन बघून गेली आणि जे बोलली ते इथे लिहीत नाही. झाकण लावलं.

४ ऑगस्ट, रविवार

रेकॉर्डर तात्यांना परत. लॅपटॉपवर करायचं ठरवलं, हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. झालेल्या दोन सीडींमधला आवाज लॅपटॉपवर काढून घेता येईल, त्या कॅसेटी पुन्हा वाजवायला नकोत.

१० ऑगस्ट, शनिवार

यूएसबी रायटर १,९५० रुपये, लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड १,१५०, वायरी १८०. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात डेक लावू नका, तिथे बहुधा एकाच कानाचा आवाज मिळतो आणि तोही फाटका.

एक कॅसेट घेतली, ट्रॅक तोडले, जुन्या दांडीतली तीच नाकारलेली डेटा सीडी घातली, लिहिली. रायटरने हूं की चूं केलं नाही. अण्णांकडे धावलो. अण्णांनी प्लेयरला लावली, दोन मिनिटं वाट पाहिली आणि म्हणाले, “झिला, ह्येच्यात काय वाजणा नाय.”

अर्थात नाही. प्रोग्रॅममध्ये मी ‘डेटा डिस्क’ निवडलं होतं, का, तर डबीवर डेटा लिहिलं होतं म्हणून! सगळ्या घोळाची गाठ इथे आहे. ‘डेटा’ हा शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतो. डबीवरचा डेटा म्हणजे ती वसुलीची खूण नसलेली डिस्क. प्रोग्रॅममधला डेटा म्हणजे फाइली कॉम्प्युटरसाठी जशाच्या तशा ठेवणं. डेटा डिस्कवर ऑडिओ सीडी लिहिता येते, म्युझिक डिस्कवर ऑफिसच्या फाइली ठेवता येतात. लॅपटॉपवर काम करणाऱ्याने डबीकडे बघायचंच नाही, प्रोग्रॅममध्ये तेवढं ‘ऑडिओ सीडी’ निवडायचं.

निवडलं, दुसरी लिहिली. रात्री नऊला अण्णांच्या खोलीत गजर सुरू झाला तेव्हा शेजारच्या दोन खोल्यांतली माणसं दाराशी आली.

११ ऑगस्ट, रविवार

किरकोळ पण वेळखाऊ.

एक नव्वदची कॅसेट अर्धवट भरलेली, एकूण ७२ मिनिटं. फाइली ७६२ एमबी. डिस्क ७०० एमबीची, म्हणून मी मन लावून शेवटचा अभंग वगळत बसलो होतो. गरज नव्हती. ८० मिनिटांच्या डिस्कवर ३,६०,००० कप्पे असतात. फाइली ठेवताना प्रत्येक कप्प्यात २,०४८ बाइट माल बसतो, बाकीची ३०४ बाइट जागा पत्त्याला आणि चुका दुरुस्त करायच्या माहितीला जाते. ऑडिओत कप्पाभर, म्हणजे २,३५२ बाइट, नुसता आवाजच. म्हणून ऑडिओ लिहिताना मिनिटं मोजा, एमबी नव्हे. अभंग परत आत घेतला.

ह्याची दुसरी बाजू अशी की ओरखडा पडला तर ऑडिओ सीडी अंदाजाने जागा भरून पुढे जाते, तुम्हाला कळतही नाही. म्हणून कॅसेटींच्या मूळ फाइली हार्ड डिस्कवर ठेवल्याच आहेत. सीडी ऐकण्यासाठी, साठवणीसाठी नव्हे.

काल रात्रीपासूनचं रेकॉर्डिंग आवाजाच्या सेकंदाला ४८,००० नमुन्यांवर चालू होतं, सीडीला ४४,१०० लागतात. प्रोग्रॅम बदलून देतो, पण मी सुरुवातीपासून ४४,१०० वर परत केलं. एक कॅसेट दोनदा वाजली. आणि चार्जर लावला की खालून घुंईं असा आवाज येतो, काढला की जातो. कॅसेट चालू असताना लॅपटॉप बॅटरीवर.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. दिवसभर कॅसेटी. दुपारी एक प्रयोग केला, कारण तात्या अजून म्हणत होते की म्युझिकवालीचा आवाज ‘भरीव’ आहे.

तेच ट्रॅक एका म्युझिक आणि एका डेटा डिस्कवर लिहिले, एकाच रायटरवर, एकाच वेगाने. मग दोन्हींमधला आवाज परत काढून फाइली ताडून पाहिल्या. दोन्ही बाइटला बाइट सारख्या. मूळ फाइलशी मात्र जुळेनात, तेव्हा घाम फुटला. नंतर लक्षात आलं, रायटर लिहिताना आणि वाचताना काही नमुने पुढे-मागे सरकतो. तेवढं सरकवून लावलं, जुळलं. तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, “असेल बाबा, पण मला भरीव वाटतो.” ह्यावर उपाय नाही.

वेगाचं: हळू लिहिलेलं चांगलं, हे मी वीस वर्षं ऐकत आलोय. माझा रायटर सीडीला १०, १६ आणि २४पट एवढेच वेग देतो. १६वर सगळ्या लिहिल्या, कुठेही अडकल्या नाहीत.

१८ ऑगस्ट, रविवार

पुसता येणाऱ्या दोन सीडी आणल्या, १२० रुपये, तालमीसाठी म्हणून. लॅपटॉपवर उत्तम. अण्णांच्या प्लेयरवर शून्य. सीडी-आर छापील सीडीच्या जवळपास प्रकाश परत पाठवते, पुसता येणारी पाव हिश्श्याहून कमी. जुन्या प्लेयरला ती दिसतच नाही. पैसे गेले.

२५ ऑगस्ट, रविवार

तात्यांनी उत्साहाने १४० रुपयांचे चिकट कागद आणून दोन सीडींवर विठोबाचं चित्र लावलं. थोडं तिरकं. प्लेयरमध्ये डिस्क घरघरायला लागली. कागद ओढून काढला तर त्याच्याबरोबर चांदीही सोलून आली. सीडीचा नाजूक भाग खालचा चकचकीत नव्हे, वरचा. खालून १.२ मिलिमीटर प्लास्टिक आहे, वरून चांदीवर फक्त लॅकरचा पातळ थर. दोन्ही पुन्हा लिहिल्या. आता सीडीवर लिहायच्या मार्करने, ९० रुपये, फक्त मधल्या पारदर्शक कड्यावर क्रमांक. नाव डबीवर. बॉलपेन घरात लपवून ठेवलं आहे.

१ सप्टेंबर, रविवार

संपलं. १३ सीडींचा एक संच, तीन संच, ३९ सीडी. पन्नासातल्या ५ उरल्या, बाकी ६ माझ्या प्रयोगांत आणि विठोबाच्या चित्रात.

खर्च: पट्टा २५०, डेटा सीडी ७५०, म्युझिक सीडी ९००, पुसता येणाऱ्या १२०, रायटर १,९५०, साउंड कार्ड १,१५०, वायरी १८०, मार्कर ९०, चिकट कागद १४०. एकूण ५,५३० रुपये, प्रवास धरला नाही. लॅपटॉपपासून सुरुवात केली असती तर ह्यातले ९०० वाचले असते आणि तीन आठवडेही.

अण्णांनी संच घेतला, डब्या मोजल्या, सातव्या क्रमांकाची काढून बाजूला ठेवली. त्या कॅसेटवर त्यांची आणि बाबांची बारी आहे.

म्युझिकवाल्या पाच सीडी सीलबंद शिल्लक आहेत, आणि एक जिला अदलाबदलीत मोहरा म्हणून वापरलं ती. हाय-फायचा रेकॉर्डर घरात असलेलं कुणी चाळीत आलं तर घेऊन जावं. मला त्यांचा उपयोग नाही.